उंबरठ्याअलीकडची जागा : ओटी-पडवीचे कार्य आणि आजचे कौटुंबिक घर

घराचे वर्णन करताना भिंती, छप्पर, दारे-खिडक्या यांचा उल्लेख सहसा होतो. परंतु दाराला लागून असलेली, धड बाहेरची नव्हे आणि धड आतलीही नव्हे, अशी जी जागा असते तिची स्वतंत्र गणना क्वचितच होते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत ही जागा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाई. कोकणात पडवी व ओटी, देशावर ओसरी किंवा सोपा, मराठवाड्यात ढाळज, मोठ्या वाड्यात देवडी. या जागांची रचना व डामडौल यांत पुष्कळ अंतर आहे. तथापि त्या सर्वांचे एक कार्य समान आहे. बाहेरून येणारा मनुष्य ज्या गोष्टी अंगावर घेऊन येतो, म्हणजे चिखल, पाणी, धूळ, ओले कपडे, पादत्राणे व अवजारे, त्या गोष्टी घराच्या गाभ्यात शिरण्यापूर्वी उतरवून ठेवण्याची सोय या जागेत असे.

अशी जागा केवळ आपल्याकडेच होती असे नाही. जपानी घरात ‘गेनकान’ या प्रवेशभागाची जमीन आतील जमिनीपेक्षा खोल असते. पादत्राणे तेथे उतरवून मगच वरच्या पातळीवर पाऊल ठेवावयाचे, असा तेथील दंडक आहे. अमेरिकेत, जेथे हिवाळ्यात बर्फ व वसंतात चिखल असतो, तेथे घराच्या मागील वा बाजूच्या दाराशी अशाच उपयोगाची लहानशी खोली असते व तिला ‘मडरूम’, म्हणजे अक्षरशः चिखलखोली, असे सरळ नाव विसाव्या शतकात रूढ झाले. हवामान, संस्कृती व बांधकामसाहित्य सर्वस्वी भिन्न असूनही एकच गरज ठिकठिकाणी जागेच्या रूपाने व्यक्त झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील घराच्या आधारे या जागेच्या कार्याचे विवेचन करावयाचे असून, ती जागा आजच्या घरातून का नाहीशी झाली आणि तिच्यातील काय राखावे व काय सोडावे, याचा विचार करावयाचा आहे.

१. कोकणी घरातील क्रम

रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हेच चार महिने भातलावणीचे व शेतीच्या मुख्य कामाचे. म्हणजे ज्या काळात माणसाला सर्वांत अधिक वेळ चिखलात उभे राहावे लागते, त्याच काळात घर कोरडे राखणे सर्वांत कठीण असते. कोकणी घराची रचना ही या विरोधातून निघालेली आहे.

या घरात शिरण्याची वाट पायऱ्यापायऱ्यांनी बनलेली असते. प्रथम खळे किंवा अंगण. तेथे पायाचा जाड चिखल निघतो. नंतर जोत्याच्या पायऱ्या. जांभ्या दगडाची खरखरीत पायरी पायाचा तळवा घासून काढण्यास उपयोगी पडते. पायरीजवळ पाण्याचे भांडे किंवा दगडी डोण असे व तेथे पाय धुतले जात. त्यावरील पडवी ही मुख्य छपराचा उतार पुढे वाढवून केलेली, बाजूंनी बरीचशी मोकळी अशी जागा. बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले, घोंगडी, कोयते, जू, दोर, टोपल्या यांचे स्थान येथे. पडवीपेक्षा उंच अशी ओटी. तेथे बसणे-उठणे व पाहुण्यांचे आगतस्वागत होई. त्यापलीकडे उंबरठा, मग माजघर, आणि त्याच्याही आत स्वयंपाकघर व देवघर.

या क्रमात दोन तत्त्वे स्पष्ट दिसतात. पहिले तत्त्व पातळीचे. प्रत्येक टप्प्यास जमीन थोडी उंच होत जाते, त्यामुळे पाणी स्वभावतःच आतून बाहेर वाहते. बाहेरून आत येत नाही. दुसरे तत्त्व वाऱ्याचे. ओले इरले किंवा भिजलेली घोंगडी बंद खोलीत ठेवली तर ती वाळत नाही. उलट खोलीच दमट होते. ती पूर्णपणे उघड्यावर ठेवावी तर पाऊस लागतो. वर छप्पर आणि बाजूंनी वारा, ही पडवीची स्थिती ओल्या वस्तू सुकविण्यास नेमकी अनुकूल होय. पावसाचा मारा ज्या दिशेने येतो तेथे झापांचा आडोसा बांधून वारा राखावयाचा आणि झड तेवढी अडवावयाची, ही युक्तीही त्याच हेतूची.

देशावरील परिस्थिती वेगळी. तेथे पाऊस कमी, परंतु उन्हाळ्यात धूळ अधिक आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल इतका चिकट की तो पायाबरोबर गोळ्यागोळ्यांनी निघतो. तेथील सोपा किंवा ओसरी ही पाणी निथळविण्यापेक्षा धूळ झटकण्याची व शेतीचे सामान ठेवण्याची जागा म्हणून अधिक महत्त्वाची. वाड्यात दिंडीदरवाजा, देवडी, चौक व सोपा असा लांब क्रम असे. त्यामागे संरक्षणाचा हेतू प्रमुख असला, तरी मळ टप्प्याटप्प्याने बाहेर ठेवण्याचे कार्यही त्यायोगे आपोआप साधे.

२. जमीन, सारवण आणि श्रम

या जागेची आवश्यकता केवळ हवामानातून उद्भवली नव्हती. घरातील जमिनीच्या स्वरूपाशीही तिचा निकटचा संबंध होता. जुन्या घरातील जमीन मातीची, चोपून घट्ट केलेली व शेणाने सारवलेली असे. अशी जमीन झाडता येते, पुन्हा सारवता येते. परंतु धुता येत नाही. ओल्या पायांनी तिच्यावर वारंवार चालल्यास ती उखणते व घसरडी होते. म्हणून पाणी दारातच थांबविणे ही शिष्टाचाराची बाब होण्यापूर्वी जमिनीची गरज होती.

ही गरज कोणाच्या श्रमाने भागत असे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सारवण हे स्त्रियांचे काम. शेण आणणे, कालविणे, वाकून घरभर हात फिरविणे आणि तेच काही दिवसांनी पुन्हा करणे, हे कष्ट किती वेळा करावे लागतील हे दारातून किती चिखल आत येतो यावर अवलंबून असे. पाय धुवूनच आत येण्याचा नियम हा या दृष्टीने पाहता घरातील स्त्रीच्या श्रमास घातलेली मर्यादा होती. पाय धुण्यास लागणारा क्षण येणाऱ्याचा. तो न दिल्यास जाणारी घटका आत असलेल्या स्त्रीची. मळ दारात काढावयाचा की घरभर पसरल्यावर, हा प्रश्न अखेरीस श्रम कोणी करावयाचे याचाच प्रश्न असतो.

अतिथीस प्रथम पाय धुण्यास पाणी देण्याची रीत याच व्यवहाराचे आदरयुक्त रूप मानता येईल. पूजेच्या सोळा उपचारांत आवाहन व आसन यांच्यानंतर लगेच ‘पाद्य’ येते, ते अर्घ्याच्याही आधी. धुळीच्या वाटेने चालत आलेल्या पाहुण्याच्या स्वागताचा क्रमच तेथे देवास लागू केलेला आहे.

३. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने

जुन्या रीतीस रोगजंतूंचे ज्ञान नव्हते. परंतु तिचे पुष्कळसे फलित आरोग्यशास्त्राने पुढे समजावून दिले. आर्थर लूस या शास्त्रज्ञाने कैरो येथे १८९८ च्या सुमारास असे दाखवून दिले की, अंकुशकृमीच्या अळ्या तोंडावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरतात. ओलसर, उबदार, सावलीची माती या अळ्यांना मानवते. कोरडेपणा त्यांना मारक ठरतो. शेतात अनवाणी चालणाऱ्यास यापासून पादत्राणच वाचवू शकते, दारातील पाणी नव्हे. परंतु ओली माती घरात न नेणे आणि आतील जमीन कोरडी राखणे यामुळे रांगत्या मुलाचा मातीशी येणारा संबंध निश्चित घटतो. जंताची अंडी तर मातीत दीर्घकाळ टिकतात व हातावाटे तोंडात जातात. म्हणून ज्या घरात मूल जमिनीवर खेळते आणि कुटुंब जमिनीवर जेवावयास बसते, तेथे जमिनीची स्वच्छता ही प्रकृतीची बाब ठरते.

रासायनिक मळाचा प्रश्न याहून अलीकडचा आणि अधिक गंभीर आहे. १९६५ साली न्यूहाउस व टॉम्पसन यांनी लंडनमधील मेसोथेलिओमा या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा पूर्ववृत्तांत मिळाला अशा ७६ रुग्णांपैकी नऊ जणांनी स्वतः अॅस्बेस्टॉसचे काम केलेले नव्हते. त्यांच्या घरातील व्यक्ती ते काम करीत होती. पतीचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या पत्नीचे उदाहरण त्यांत विशेषत्वाने आढळले. कारखान्यातील धूळ कपड्यांवाटे घरात येते आणि जो कारखान्यात कधी गेला नाही त्याला ग्रासते, ही गोष्ट त्यामुळे ठळकपणे पुढे आली. १९९६ साली निशिओका व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत असे दाखविले की, हिरवळीवर फवारलेले तणनाशक पादत्राणांबरोबर घरातील गालिच्यापर्यंत पोहोचते. गालिच्यात शिरलेल्या अशा द्रव्यास ऊन, पाऊस व मातीतील जीवाणू यांचा स्पर्श होत नाही. त्यामुळे बाहेर जे लवकर विघटित झाले असते ते आत अधिक काळ टिकते.

या निष्कर्षांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची चर्चा मुख्यत्वे औषधांची मिश्रणे, फवारणीचे पंप व संरक्षक साधने यांविषयी झाली आणि ती योग्यच होती. परंतु फवारणी करून परतलेल्या माणसाचे भिजलेले कपडे कोठे उतरतात, पंप कोठे ठेवला जातो, हातपाय कोठे धुतले जातात, हे प्रश्न घराच्या रचनेचे आहेत. एकाच खोलीत स्वयंपाक, निजणे व अवजारे असतील तर या प्रश्नांना उत्तर नाही. कीटकनाशकाचा डबा तर कोणत्याही परिस्थितीत राहत्या घरात असू नये. त्याला कुलूपबंद, वेगळी जागाच हवी. पंप आणि कपडे यांच्यासाठी मात्र दाराबाहेरील छपराखालची, पाण्याची सोय असलेली जागा हीच व्यवहार्य तोड होय.

औद्योगिक कायद्याने हे तत्त्व पूर्वीच मान्य केले होते. भारतातील १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमात कामगारांसाठी धुण्याच्या सोयी आणि ४३ व्या कलमात कपडे ठेवण्याच्या व ओले कपडे वाळविण्याच्या सोयी यांचा विचार होता. इंग्लंडमध्ये १९२० साली खाणकामगारांसाठी कल्याणनिधी निर्माण झाला व पुढे त्यातून खाणींच्या तोंडाशी स्नानगृहे उभारण्यात आली. तोपर्यंत कोळशाची काजळी अंगावर घेऊन घरी जाणे आणि तेथे पत्नीने तापविलेल्या पाण्याने स्नान करणे, हाच खाणकामगाराचा नित्यक्रम होता. मळ कामाच्या जागी उतरावा, घरात नव्हे, हे तत्त्व कारखान्यास लागू झाले. शेतकऱ्याचे, बांधकाम-मजुराचे व सफाई-कामगाराचे कामाचे ठिकाण कारखाना नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत ते कार्य घराच्या दारालाच करावे लागते.

येथे एक मर्यादाही नोंदविणे इष्ट होय. २०२० साली कोविडच्या साथीत बाहेरच्या वस्तू दारात ठेवण्याची, कपडे दारातच बदलण्याची रीत शहरांत एकाएकी परतली. तो रोग मुख्यतः हवेतून पसरतो, हे स्पष्ट झाल्यावर या उपायांचे त्या रोगापुरते महत्त्व मर्यादित ठरले. दारातील जागा माती, ओल, रसायन व अस्वच्छ हात यांच्यावरील उपाय आहे. सर्व रोगांवरील नव्हे.

४. ओटीची दुसरी बाजू

आतापर्यंतच्या विवेचनावरून ओटी-पडवी ही निव्वळ हितकारक योजना होती असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे. जी पायरी चिखल अडवीत होती तीच माणसेही अडवीत होती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना अंगणाच्या कडेस थांबावे लागे. इतर काहींना पडवीपर्यंत, काहींना ओटीपर्यंत मोकळीक असे. माजघरात प्रवेश केवळ आप्तांना व सजातीयांना. घराचे टप्पे हे जातींच्या उतरंडीचे मोजमाप होते. ओटी पुरुषांची आणि माजघर स्त्रियांचे, अशी आणखी एक विभागणी होती; मासिक पाळीच्या दिवसांत त्याच स्त्रीला आतूनही बाहेर, पडवीत वा कोपऱ्यात, बसावे लागे.

या अन्यायाचे मूळ जागेत नव्हते, ते समाजरचनेत होते, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. जागा ही नियमांना दृश्य व कायम रूप देते. पायऱ्या असल्या म्हणजे कोण कोणत्या पायरीवर थांबणार हे रोज नव्याने सांगावे लागत नाही. शिवाय भाषेनेही दोन गोष्टींची गल्लत केली. पायाला लागलेला चिखल आणि माणसाचा जन्म या दोहोंस ‘विटाळ’ व ‘अशुद्ध’ यांसारखे एकच शब्द लावले गेले. चिखल पाण्याने जातो. लादलेली अशुद्धता कितीही पाण्याने जात नसे. यावरूनच त्या दोन गोष्टी एक नव्हत्या, हे उघड होते.

म्हणून आज या जागेचा पुरस्कार करताना एक कसोटी सतत लावावयास हवी : दारातील नियम वस्तूंना व क्रियांना लागू होतो की व्यक्तींना? घरमालक, पाहुणा, मोलकरीण, नळ दुरुस्त करणारा कारागीर, या सर्वांनी पादत्राणे एकाच ठिकाणी काढावी, हात-पाय एकाच नळावर धुवावे आणि नंतर सर्वांस आत एकच वाट असावी. काही सदनिकांत घरकामास येणाऱ्या व्यक्तीसाठी निराळे दार व इमारतीत निराळी लिफ्ट असते. ती आधुनिक सोय नसून जुन्या उतरंडीचीच नवी आवृत्ती होय.

५. जागा नाहीशी कशी झाली

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि १८९८ साली शहर-सुधारणेसाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले. कामगारांच्या निवासाचा प्रश्न त्यानंतर चाळींच्या रूपाने सोडविण्याचा प्रयत्न झाला. १९२० च्या दशकात उभारलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. एवढ्या खोलीत ओटीस जागा नव्हती. पण ओटीची काही कामे सामाईक गॅलरीने उचलली. चपला, छत्र्या, पाण्याची पिंपे, वाळत घातलेले कपडे आणि संध्याकाळची बैठक ही सारी गॅलरीत येऊन स्थिरावली. पाय धुण्याचे काम खोलीच्या कोपऱ्यातील मोरीकडे गेले. म्हणजे येथे जागा नाहीशी झाली नाही. ती विभागली गेली.

सदनिकेत मात्र दार उघडताच दिवाणखाना लागतो. याची कारणे दोन. एक, फरशी. शहाबादी, मोझॅक व पुढे सिरॅमिक फरशी आल्यावर जमीन धुता-पुसता येऊ लागली. त्यामुळे मळ दारात अडविण्याची निकड भासेनाशी झाली. मळ येणे थांबले नाही. तो काढण्याचे काम दारातून घरभर पसरले आणि बहुधा गृहिणीच्या किंवा मोलकरणीच्या हातात रोजच्या फडक्याच्या रूपाने गेले. दुसरे कारण, जागेचा चौरस फुटांवर ठरणारा भाव. ज्या जागेत बसता, निजता वा रांधता येत नाही ती जागा हिशेबात वायफळ ठरते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याची खोली, स्वयंपाकघर, स्नानगृह व शौचकूप यांची किमान मापे दिलेली आहेत. प्रवेशजागेस त्या यादीत स्थान नाही. जे किमान मापांत नसते ते स्वस्त घराच्या नकाशातून प्रथम गळते.

परिणामी सदनिकेतील चपलांचे कपाट दाराबाहेर सामाईक मार्गात येते. आग लागल्यास हाच मार्ग सुटकेचा असतो. तो अडविणे धोक्याचे आहे. ओल्या छत्र्या स्नानगृहात, रेनकोट खुर्चीच्या पाठीवर, मुलांचे ओले बूट बाल्कनीत. बाल्कनी घराच्या दुसऱ्या टोकास असल्यामुळे तेथवर जाण्याची वाट सबंध घरातूनच जाते. गरज संपलेली नसून तिला ठिकाण उरलेले नाही, याचीच ही लक्षणे होत.

६. आजच्या घरासाठी काही सूचना

अशा जागेसाठी मोठे घर लागते, हा समज तपासून पाहावयास हवा. १.२ मीटर रुंद व १.५ मीटर लांब अशी जागा १.८ चौरस मीटर होते. संहितेत स्नानगृहासाठी सांगितलेले किमान क्षेत्रही तेवढेच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. त्याच्याशी हे प्रमाण सुमारे सात टक्के पडते. ग्रामीण घरात ही जागा भिंतींच्या आत घेण्याचीही आवश्यकता नाही. छपराचा उतार पुढे काढून पडवीप्रमाणे ती बाहेर घेता येते आणि खर्च बराच कमी होतो.

तिच्या रचनेत पुढील गोष्टी असाव्यात. जमीन आतील जमिनीपेक्षा पाच ते सात सेंटिमीटर खोल, पाण्याच्या निचऱ्याकडे उतार दिलेली व ओली असताना न घसरणारी. पातळीतील हा फरक रंगाने स्पष्ट दाखविलेला आणि वृद्धांसाठी हाताशी धरावयास दांडा. कमी उंचीवर एक नळ, साबणाची जागा व पाणी वाहून जाण्यास जाळी. बसून पादत्राणे काढण्यास कट्टा, त्याखाली पादत्राणे. भिंतीवर दोन उंचीच्या खुंट्या, एक मोठ्यांच्या व एक मुलांच्या हाताला येईल अशी. कारण मुलाला स्वतः पोहोचता आले तरच सवय त्याची होते. वर छप्पर व निदान एका बाजूने जाळीतून वारा. कामाचे मळके कपडे ठेवण्यास झाकणाची बादली. हे कपडे घरातील इतर कपड्यांबरोबर धुवू नयेत. सदनिकेत नळ देणे शक्य नसल्यास खोलगट जमीन, कट्टा, खुंट्या व दोन पायपुसणी, एक खरखरीत व एक सुती, एवढ्यानेही बरेच साधते.

या विषयात क्षेत्राभ्यासास पुष्कळ वाव आहे. ओटी-पडवी असलेल्या व नसलेल्या घरांतील धुळीची तुलना, झाडण्या-पुसण्यास लागणाऱ्या वेळाची नोंद, योजनांतून मिळालेल्या घरांपुढे रहिवाशांनी स्वतः उभारलेल्या छपऱ्यांचा उपयोग, हे विषय पदव्युत्तर प्रबंधिकांस सहज योग्य ठरतील. विशेषतः तिसरा विषय महत्त्वाचा आहे. घर मिळाल्यावर लोक पदरचे पैसे घालून दारापुढे पत्र्याचे छप्पर उभारतात, तेव्हा नकाशात काय राहून गेले याचे उत्तर ते स्वतःच देत असतात.

संस्कृतात ‘देहलीदीपन्याय’ म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आत व बाहेर दोन्हीकडे प्रकाश देतो. दारातील जागेचा गुण असाच दुहेरी आहे. आतल्यांस ती कोरडी जमीन, निरोगी मूल व कमी श्रम देते. बाहेरून येणाऱ्यास क्षणभर बसण्यास, ओझे उतरविण्यास व हातपाय धुण्यास ठिकाण देते. पूर्वी या दोहोंपैकी दुसरा लाभ सर्वांना मिळत नव्हता. नव्या घरात ही जागा परत आणावयाची तर ती सर्वांसाठी असली पाहिजे. चिखल तेथे थांबावा, माणूस नव्हे.